जे चालते ते मोडू नये



जुन्या वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न दिवाळीपूर्वीच्या आठ दिवसांत प्रत्येक घरी उभा राहतो. दुकानात जुना माल किती दिवस ठेवावा, कोणत्या भावात काढावा, याचे गणित आपल्याला चांगले अवगत असते. घरातील वस्तूंपुढे मात्र तेच गणित चालेनासे होते. गेल्या वर्षी आमच्या दारव्ह्याच्या घरी साफसफाई निघाली आणि बैठकीतील काचेच्या कपाटापुढे येऊन थांबली. त्या कपाटात एकावर एक अशा तीन पेट्या होत्या. खाली ॲम्प्लिफायर, मध्ये कॅसेट डेक आणि सर्वांत वर रेडिओचा ट्यूनर. या तीन पेट्यांनी पुढचे सहा महिने आमच्या घराला जे शिकवले, ते या वेळी आपल्यापुढे ठेवीत आहे.

हे यंत्र आमच्या थोरल्या बंधूंचे. घरात त्यांना सर्वजण भाऊ म्हणतात. १९८३ साली कापसाचा हंगाम बरा गेला होता. भाऊ नागपूरला सीताबर्डीत गेले आणि हा संच घेऊन आले. एस.टी.त ॲम्प्लिफायरसाठी शेजारच्या आसनाचे वेगळे तिकीट काढले होते, ही गोष्ट घरात आजही सांगितली जाते. त्या काळी परदेशी यंत्रे आयात करण्यावर कडक निर्बंध होते, म्हणून कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांनी येथेच असे संच बनविण्यास आरंभ केला होता. ज्याला हाय-फाय म्हणत, त्याचा अर्थ इतकाच की मूळ आवाजाशी यंत्राने प्रामाणिक राहावे. म्हणूनच एकाच डब्यात सर्व काही न कोंबता प्रत्येक कामासाठी निराळी पेटी असे. रेडिओ पकडणारी एक, कॅसेट वाजविणारी दुसरी, आवाज वाढविणारी तिसरी. रेडिओसाठी तेव्हा टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यास ती पद्धत बंद झाली, परंतु भाऊंनी परवान्याची पुस्तिका अजून खतावणीच्या कपाटात जपून ठेवली आहे.

नातवाचा प्रस्ताव

भाऊंचा नातू अमरावतीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुटीत तो घरी आला होता. घरी एका संगणकाची गरज होतीच. त्याचा लॅपटॉप त्याच्याबरोबर अमरावतीस जातो, धाकटी बहीण दहावीत आहे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्यासाठी भाऊंना प्रत्येक वेळी दुकानातील संगणकावर जावे लागते. नवा संगणक घ्यावयाचा तर तो या पेट्यांपैकी एकीत बसवू, असे त्याने सुचविले.

कल्पना ऐकताना विचित्र वाटली, पण तिच्यात तथ्य होते. २००१ साली तैवानच्या व्हिया कंपनीने १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद अशा छोट्या मदरबोर्डचे माप प्रचारात आणले. त्याला मिनी-आयटीएक्स म्हणतात. हाय-फायच्या पेट्या बहुधा ४३ सेंटिमीटर रुंद असतात. म्हणजे अशा पेटीत हा बोर्ड ठेवला तरी दोन्ही बाजूंना मिळून वीतभर जागा उरते. पुढे काही कंपन्यांनी हाय-फायच्या पेटीसारखी दिसणारी संगणकाची खोकी मुद्दाम बनवून विकली. नातवाचे म्हणणे एवढेच, की त्या नकली खोक्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा आपल्या घरी अस्सल पेटी आहे.

त्याची नजर प्रथम ॲम्प्लिफायरवर गेली. तीच सर्वांत मोठी, तिचाच दर्शनी भाग सर्वांत देखणा. भाऊ दुकानात असताना त्याने प्लग काढला, पेचकसाने वरचे झाकण उघडले आणि आत हात घातला. पेचकसाचे टोक कोठेतरी लागले, लख्ख ठिणगी उडाली आणि फटाक्यासारखा आवाज झाला. सुदैवाने इजा झाली नाही. भाऊ त्याच वेळी जेवणासाठी घरी आले होते. त्यांनी रागे भरण्याऐवजी एकच प्रश्न विचारला.

“हा चालतो का?”

“चालतो, दादाजी.”

“मग जे चालते ते मोडू नये.”

विषय तेथेच संपला. झाकण पुन्हा लागले. मात्र त्या ठिणगीचा धडा वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. ॲम्प्लिफायरमध्ये डब्याच्या आकाराचे मोठे कपॅसिटर असतात. ते वीज साठवून ठेवतात, आणि प्लग काढल्यानंतरही ती साठवण काही काळ तशीच राहते. अशी पेटी उघडणारा मनुष्य जाणकार असावा. त्याने प्रथम मल्टिमीटरने दाब मोजावा, योग्य क्षमतेचा रेझिस्टर लावून कपॅसिटर सावकाश रिकामा करावा आणि पुन्हा मोजून खात्री करून घ्यावी. पेचकसाने दोन टोके जोडून तो रिकामा करण्याची जी खोड अनेकांना असते, तिच्याने यंत्रही जाते आणि बोटेही भाजतात.

कॅसेटींची लोखंडी पेटी

दुसऱ्या दिवशी नातू कॅसेट डेककडे वळला. हा मात्र चालत नव्हता. कळ दाबली की आतून केवळ मोटारीची घरघर येई. भाऊंचीही हरकत नव्हती. झाकण उघडताच आत कोळ्याची जाळी आणि मुंग्यांचे बस्तान दिसले. नातू फुंकर मारणार तोच भाभींनी त्याला थांबविले आणि देवघरातून पूंजणी आणली. त्यांनी एक-एक जीव हळुवार कागदावर घेऊन अंगणात सोडला. या कामास तासभर लागला. नातवाने नंतर कबूल केले, की त्या तासामुळेच त्याला आतील यंत्र नीट पाहावयास मिळाले. घाईत तो सरळ तारा कापण्यास लागला असता.

डेकचा रोग साधा होता. मोटारीची गती चाकांपर्यंत नेणारे रबरी पट्टे चाळीस वर्षांत विरघळून चिकट काळ्या डांबरासारखे झाले होते. जुन्या डेकमध्ये हे हमखास आढळते. नातवाने ते डांबर पुसून काढले आणि आतील यंत्रणा बाहेर काढण्यासाठी दोन स्क्रू सैल केले. तेवढ्यात भाऊ आतल्या खोलीतून एक लोखंडी पेटी घेऊन आले. पेटीत एकेचाळीस कॅसेटी होत्या. चातुर्मासातील प्रवचने, लग्नसमारंभ, मुलांचे पाढे, असे बरेच काही. भाऊ म्हणाले, “यातल्या एकीत बाई आहेत.”

बाई म्हणजे आमच्या मातोश्री. १९९१ मध्ये त्या गेल्या. त्यांची छायाचित्रे घरात आहेत, परंतु त्यांचा आवाज कोठे जपलेला आहे, हे आम्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. भाऊंनाही ती कॅसेट नेमकी कोणती, हे सांगता येईना. नातवाने सैल केलेले दोन्ही स्क्रू पुन्हा आवळले.

त्याने पट्ट्यांची मापे घेतली आणि नवे पट्टे मागविले. ते येण्यास तीन आठवडे लागले. दरम्यान त्याने शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून टेप ज्या हेडवरून सरकते तो भाग स्वच्छ केला. कापूस घरचाच होता, हे सांगणे नलगे. पट्टे बसविले आणि डेक सुरू झाला. मग डेकच्या मागील तारा लॅपटॉपला जोडून कॅसेटींचे ध्वनिमुद्रण उतरवून घेण्यास आरंभ झाला. यासाठी ऑडॅसिटी नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर मिळते. कामात घाई करता येत नाही, कारण साठ मिनिटांची कॅसेट उतरविण्यास साठ मिनिटेच लागतात. तासाभराच्या उत्तम प्रतीच्या मुद्रणास सुमारे ६३५ एमबी जागा लागते. तीन कॅसेटींवर बुरशी होती. त्या भाभींनी बाजूला ठेवावयास सांगितल्या. उरलेल्या अडतीस कॅसेटी मिळून सुमारे २४ जीबी भरले. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची दोन पाने मोडून टाकली, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होऊ नये. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी निदान एवढे तरी आजच करावे.

सव्विसाव्या कॅसेटमध्ये बाई सापडल्या. अकरा मिनिटे. भाऊ नवा माइक तपासत असावेत. बाई एक स्तवन म्हणू लागतात, अर्ध्यावर थांबतात, “दूध उतू गेलं वाटतं” असे म्हणून उठून जातात आणि परत येऊन विचारतात, “अजून चालूच आहे का हे?” नातवाने आपल्या पणजीचा आवाज प्रथमच ऐकला. भाभी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी ती कॅसेट पुन्हा सुरुवातीपासून लावावयास सांगितली.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. कॅसेट आणि संगणक यांचे नाते नवे नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही छोटी कॅसेट बाजारात आणली. त्यानंतर वीस वर्षांनी, घरगुती संगणक जेव्हा नवे होते, तेव्हा त्यांची माहिती साठविण्याचे काम हीच कॅसेट करीत असे. १९८४-८५ साली भारत सरकारने निवडक शाळांत संगणक शिक्षणाचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो नावाचा संगणक वापरला गेला. या संगणकाला साधा कॅसेट रेकॉर्डर जोडून कार्यक्रम साठविता येत. त्याची गती सेकंदाला १२०० बिट, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये फार तर ४३२ केबी मावणार. आज बोटाएवढ्या ५१२ जीबीच्या साठवणीत अशा दहा लाखांहून अधिक कॅसेटींचा ऐवज बसतो. हा हिशेब नातवाने मांडून दाखविला, तेव्हा भाऊ म्हणाले, “साठवण वाढली, पण बाई अकरा मिनिटांच्याच आहेत.”

आता काय?

कॅसेटींचे काम संपले आणि नवाच पेच पडला. डेक आता उत्तम चालत होता. भाऊंचा नियम नातवाला पाठ होता. त्याने स्वतःच दुरुस्त केलेले यंत्र आता मोडावयाचे कसे? तसे पाहिले तर डेकची गरज संपली होती, सर्व मुद्रण उतरवून झाले होते. व्यवहारी माणूस म्हणेल, उपयोग संपला, आता रिकामा करा. परंतु चालत्या यंत्रावर हात टाकण्यास त्याचे मन घेईना. त्याने संगणकाचा बेत सोडून देतो असे सांगितले आणि बाजारातील तयार संगणकांचे भाव पाहू लागला.

त्या सायंकाळी भाऊंनी स्वतः कपाट उघडले आणि सर्वांत वरचा ट्यूनर खाली उतरविला. “हा घे,” ते म्हणाले.

या दोन शब्दांची किंमत मला ठाऊक आहे. कित्येक वर्षे सकाळी आकाशवाणीचे बाजारभाव आणि रात्री विविध भारती भाऊंनी याच ट्यूनरवर ऐकली. एका पावसाळ्यात छताचे पाणी कपाटात झिरपले आणि आतील सर्किट गंजून गेले. भाऊंनी तो दुरुस्तीसाठी यवतमाळास दोनदा नेला. जुन्या जाणत्या कारागिराने दोन्ही वेळा मान हलविली. तारा तुटलेल्या जोडता येतात, पण पट्टीवरील तांबेच खाऊन गेले असेल तर डाख द्यावयाचा कोठे? त्यानंतर अठरा वर्षे तो ट्यूनर मृतावस्थेत कपाटाच्या माथ्यावर बसून होता. भाभी दर आठवड्याला त्याची काच पुसत. तिन्ही पेट्यांत खरोखर निकामी झालेली हीच एक होती, आणि भाऊंच्या मनाला सर्वांत जवळची हीच होती. म्हणून प्रथम कुणी तिच्याकडे बोट दाखविले नव्हते.

भाऊंनी दोन अटी घातल्या. पेटीला बाहेरून एकही नवे छिद्र पडता कामा नये. आणि उद्या कुणाला ती पुन्हा पूर्ववत करावीशी वाटली, तर करता आली पाहिजे.

ट्यूनरमधील संगणक

या अटींमुळे काम कठीण झाले, पण चांगले झाले. ट्यूनरच्या पेटीत मुळातच पोकळी पुष्कळ असते. गंजलेले सर्किट आणि छोटा ट्रान्सफॉर्मर काढताच आतील पत्र्याचा तळ मोकळा झाला. जुने सर्किट ज्या स्क्रूंवर बसले होते त्यांच्याच भोकांवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बसविला आणि त्या पत्र्यावर नवा बोर्ड. मागील पट्टी स्क्रूने सुटी होणारी होती. ती काढून ठेवली आणि तिच्या मापाची दुसरी पट्टी गावातील पत्राकाम करणाऱ्याकडून कापून घेतली. तीत पडदा, कीबोर्ड व इंटरनेटची तार यांसाठी खाचा केल्या आणि कानशीने कडा साफ केल्या.

बोर्ड निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. पहिली गोष्ट विजेची. पेटीत २३० व्होल्टची वीज येऊच नये, यासाठी लॅपटॉपसारखा बाहेरचा १९ व्होल्टचा अडॅप्टर थेट जोडता येईल असा बोर्ड घेतला. घरात मुले असताना ही दक्षता सर्वांत महत्त्वाची. दुसरी गोष्ट उष्णतेची. २०२३ साली आलेला इंटेलचा एन-१०० हा प्रोसेसर अवघ्या ६ वॉटच्या श्रेणीतील आहे. अभ्यास, पत्रव्यवहार, विवरणपत्रे आणि गाणी यांसाठी तो पुरेसा आहे. परंतु आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा वैशाख कुणाला सांगावयास नको. पारा पंचेचाळिशीकडे झुकतो तेव्हा बंद पेटीत कमी उष्णताही साचून राहते. म्हणून तळाच्या मूळ झरोक्यांवर १२ सेंटिमीटरचा एक संथ पंखा आडवा बसविला. तो खालून हवा घेतो आणि ती वरच्या झाकणाच्या झरोक्यांतून बाहेर पडते. झरोक्यांच्या आतून बारीक नायलॉनची जाळी लावली. हंगामात गावच्या जिनिंगमधून उडणारी रुईची कुसे अशा पंख्यात आठवडाभरात गादी घालतात. जाळी असली की महिन्यातून एकदा ब्रशने झटकले म्हणजे झाले. मे महिन्यात भर दुपारी मोजले तेव्हा प्रोसेसरचे तापमान सत्तर अंशांच्या आत राहिले.

पेटी धातूची असल्याने वाय-फायच्या लहरी आत पोहोचत नाहीत. जुन्या ट्यूनरच्या मागे मिडीयम वेव्ह पकडण्यासाठी फेराइटची एक काळी कांडी असे. ती काढून त्याच जागी वाय-फायचा अँटेना बसविला. लहरी पकडण्याची जागा तीच राहिली, लहरी तेवढ्या बदलल्या.

दर्शनी भागातील कळा वाया जाऊ नयेत, असे भाऊंना वाटे. वीज सुरू करण्याची जुनी कळ दाबली की आत अडकून राहणारी होती, तर संगणकास क्षणभर दाबून सुटणारी कळ लागते. त्या कळीतील अडकविणारी छोटी तार चिमट्याने ओढून काढताच ती सुटी झाली. स्टेशन बदलण्याच्या मोठ्या चाकाला दोरी असते आणि ती दोरी काचेमागील लाल काटा सरकविते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो गँग होता, तो काढून तेथे आवाजाचा साधा पोटेन्शिओमीटर बसविला. त्याचे माप आर्डुइनो नावाचा छोटा नियंत्रक वाचतो आणि संगणकाला कळवितो. हा नियंत्रक २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि आज जगभर वापरला जातो. आता काटा डावीकडे असला की आवाज लहान आणि उजवीकडे नेला की मोठा. चाक फिरविताना बोटांना लागणारा तो मऊ, जड स्पर्श मात्र पूर्वीचाच आहे.

स्टेशन किती स्पष्ट लागले हे दाखविणारा एक छोटा काट्याचा मीटर होता. तो आता प्रोसेसरवर किती काम आहे ते दाखवितो. अशा मीटरला थेट वीज दिली तर काटा वाकतो. आमचा मीटर २०० मायक्रोॲम्पिअरला पूर्ण सरकत होता, म्हणून ५ व्होल्टसाठी २७ किलोओहमचा रेझिस्टर मध्ये घातला. काचेमागील जुने दिवे जळाले होते, त्यांच्या जागी पिवळसर एलईडी आले. संगणकाचा आवाज तारेने खालच्या ॲम्प्लिफायरला जोडला. आरंभी घूंऽऽ असा गुंजारव येत होता. दोन्ही यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर लावल्यावर तो थांबला.

जमा आणि नावे

व्यापाऱ्याच्या घरी हिशेब मांडल्याशिवाय काम पुरे होत नाही. नातवाने वहीत लिहिलेला खर्च असा : बोर्ड व प्रोसेसर ११,५०० रुपये, ८ जीबी मेमरी २,०००, ५१२ जीबीची साठवण ३,२००, अडॅप्टर ९००, पंखा, जाळी, दिवे, नियंत्रक आदी १,१०० आणि पत्र्याची पट्टी २५०. एकूण १८,९५० रुपये. डेकचे पट्टे व सफाई यांचे ६५० निराळे. संगणकप्रणाली लिनक्सची असल्याने तिचा खर्च शून्य.

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर याच ताकदीचा तयार छोटा संगणक साधारण एवढ्याच पैशात, कदाचित थोडा स्वस्तही मिळाला असता. शिवाय तो दुसऱ्या दिवशी चालू झाला असता, यास सहा महिने लागले. ज्यांना केवळ पैसे वाचवावयाचे आहेत त्यांनी या मार्गाने जाऊ नये. सुट्या वेळेची, हाताच्या कौशल्याची आणि जाणत्याच्या देखरेखीची जोड नसेल तर तर मुळीच जाऊ नये.

मग जमेच्या बाजूस काय? एक देखणी, भक्कम पेटी भंगारात गेली नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील अवघ्या २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी काही उघड्यावर जाळला जातो, आणि त्या धुराने व विषाने माणसांसह किती जीवांची हानी होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यानुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावयास हवा. अपरिग्रहाचा अर्थ आपण पुष्कळदा ‘जुने टाकून घर मोकळे करणे’ असा करून घेतो आणि मोकळ्या जागेत नवी वस्तू आणून ठेवतो. नवे घेण्याआधी घरात काय आहे ते नीट पाहणे, हा त्या व्रताचा अधिक जवळचा अर्थ मला वाटतो.

आणि जमेची सर्वांत मोठी रक्कम अकरा मिनिटांची आहे. नातवाने पहिल्याच दिवशी ॲम्प्लिफायर किंवा डेक रिकामा केला असता, तर ती कायमची बुडाली असती.

म्हणून जुन्या यंत्राला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ते चालते का? चालत नसेल तर दुरुस्त होते का? आणि आपण जे करणार आहोत ते उद्या परत फिरविता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आणि तिसऱ्याचे होकारार्थी आले, तरच पेचकस उचलावा.

आमच्या दारव्ह्याला हे तत्त्व नवे नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज ‘शकुंतला’ आमच्या गावावरून जात असे. तिचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये उतरले आणि डिझेलचे जोडले गेले. रूळ तेच राहिले, स्थानके तीच राहिली आणि लोक तिला शकुंतलाच म्हणत राहिले. आज ती गाडी थांबली आहे, पण इंजिन बदलल्यावरही तिने कित्येक वर्षे माणसे वाहिली.

आता सायंकाळी दुकान वाढवून आल्यावर भाऊ ट्यूनरपुढे बसतात. घरात कुणी त्याला संगणक म्हणत नाही, सर्वजण ट्यूनरच म्हणतात. नात त्यावर अभ्यास करते, विवरणपत्रे त्यावरच भरली जातात. त्याच्या खाली डेक आहे, तो महिन्यातून एकदा चालवून पाहिला जातो. गंजलेले सर्किट, ट्रान्सफॉर्मर, गँग, फेराइटची कांडी आणि मागील मूळ पट्टी हे सर्व भाऊंनी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून माळ्यावर ठेवले आहे. खोक्यावर त्यांच्या खतावणीच्या अक्षरात लिहिले आहे : ‘ट्यूनरचे मूळ भाग. टाकू नये.’